कानांची साक्ष

मे १९७० च्या अंकात ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी मासिकाने मध्यम किमतीच्या लाउडस्पीकरांवर एक लांबलचक लेख छापला. त्यातल्या दोनेक पानांच्या चौकटीत काही वेगळ्या स्पीकरांबद्दल लिहिले होते, त्यांत बोस कंपनीचे ९०१ हे मॉडेल होते. १९६८ मध्ये बाजारात आलेला हा स्पीकर त्या काळी अगदीच वेगळा होता. एका पेटीत नऊ छोटे स्पीकर, त्यांतला एकच ऐकणाऱ्याकडे तोंड करून, बाकीचे आठ मागच्या भिंतीकडे. सभागृहात आपल्यापर्यंत येणारा बराचसा आवाज भिंतींवरून परतून आलेला असतो, तर घरातही तसाच आणू, ही अमर बोस यांची कल्पना. मासिकाच्या परीक्षकांना मात्र या स्पीकरवर व्हायोलिन दहा फूट रुंद भासले, पियानो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरल्यासारखा वाटला आणि वाद्ये खोलीभर भटकतात असे त्यांनी लिहिले. ‘खोलीभर’ या शब्दावरून कंपनी कोर्टात गेली. खटला एकोणीस दिवस चालला. वाद्ये भिंतीच्या कडेने, दोन स्पीकरांच्या दरम्यान सरकतात असे परीक्षकांना खरे तर ऐकू आले होते, खोलीभर नव्हे, असा निष्कर्ष न्यायाधीशांनी काढला आणि मासिकाला सुमारे १,१५,००० डॉलरची भरपाई द्यायला सांगितले. अपिलात तो निकाल फिरला. शेवटी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी मासिकाच्या बाजूने कौल दिला. शब्द चुकला असेल, पण तो खोटा आहे हे माहीत असून मुद्दाम लिहिल्याचा पुरावा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. एका स्पीकरच्या वर्णनातल्या एका शब्दासाठी चौदा वर्षे गेली.

हे प्रकरण इथे सविस्तर सांगितले, कारण हाय-फाय मासिकांच्या परीक्षणांवर विश्वास ठेवावा का, या प्रश्नाला नेहमी दिले जाणारे उत्तर त्याला लागूच पडत नाही. ‘मासिके जाहिरातींवर जगतात, म्हणून परीक्षणे विकलेली असतात,’ हे ते नेहमीचे उत्तर. कन्झ्युमर रिपोर्ट्स जाहिराती घेत नाही. परीक्षणासाठी लागणारी वस्तू कंपनीकडून न मागवता दुकानातून पैसे मोजून विकत घेते. ऐकणारे परीक्षक प्रशिक्षित होते आणि कोणाचे मिंधे नव्हते. तरीही त्यांनी काय ऐकले आणि काय लिहिले यांत एवढे अंतर पडले की, न्यायाधीशाला दोन्हींची तुलना करत बसावे लागले. परीक्षक प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याहून आधीचा प्रश्न असा आहे की, प्रामाणिक परीक्षक चुकला तर ते त्याला, आणि आपल्याला, कळणार कसे? माझ्या मते हाय-फाय परीक्षणांचा शंभर वर्षांचा इतिहास हा या दुसऱ्या प्रश्नाला सामोरे जाण्याचा आणि त्याला बगल देण्याचा इतिहास आहे. ज्या परीक्षणात परीक्षकाला खोटे ठरवू शकेल अशी काहीतरी सोय असते, ते विश्वासार्ह. जिथे ती नसते, तिथे सज्जन माणसाचेही मत फक्त मतच राहते.

कानाला फसवणे किती सोपे आहे, हे मासिके निघण्याच्या आधीच दिसले होते. १९१५ पासून पुढे सुमारे दहा वर्षे एडिसन कंपनी अमेरिकेतल्या शहराशहरांत ‘टोन टेस्ट’चे जाहीर कार्यक्रम करत असे. रंगमंचावर गायिका उभी राहायची, शेजारी फोनोग्राफ. दोघे आलटून पालटून गात. मध्येच दिवे मालवायचे, आणि दिवे लागले की प्रेक्षकांना दिसायचे की गायिका केव्हाच निघून गेली आहे, गातो आहे तो फोनोग्राफ. वर्तमानपत्रांनी भारावून लिहिले की दोन्हींत फरकच कळत नाही. आज त्या तबकड्या ऐकल्या तर हे कोणालाही पटणार नाही. अ‍ॅना केस या गायिकेने पुढे म्हातारपणी सांगितले की, आपला आवाज तबकडीशी जुळेल अशा बेताने ती गात असे. म्हणजे यंत्र माणसासारखे वाजत नव्हते, माणूस यंत्रासारखा गात होता. तिथे बसलेले श्रोते काही मूर्ख नव्हते. काय ऐकू येणार हे त्यांना आधीच सांगून ठेवले होते, आणि तेच त्यांना ऐकू आले.

१९२३ मध्ये कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेंझी यांनी लंडनमध्ये ‘ग्रामोफोन’ हे मासिक सुरू केले. त्यात तबकड्यांची परीक्षणे येत, आणि यंत्रांचीही. पण यंत्र-परीक्षणाचा खरा धंदा उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली, रेडिओ-इंजिनिअरिंग शिकलेले तरुण सैन्यातून परतले, आणि अ‍ॅम्प्लिफायर, पिकप, स्पीकर असे सुटे भाग जोडून घरी संगीत ऐकण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत पसरला. १९५४ मध्ये ज्युलियन हर्श आणि त्याच्या काही इंजिनिअर मित्रांनी ‘ऑडिओ लीग’ नावाचे छोटे पत्रक काढले. भूमिका सरळ होती: कंपन्या जे आकडे छापतात ते खरे आहेत का, हे मोजून बघायचे. त्याची गरज किती होती हे सांगायला एवढेच पुरे की, अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटचे फुगवलेले आकडे थांबवण्यासाठी १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला. हर्श पुढे ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मोठ्या खपाच्या मासिकात गेला आणि अनेक दशके दर महिन्याला मोजमापांसह परीक्षणे लिहीत राहिला. त्याच्या आकड्यांवर आजही बोट ठेवता येत नाही. उणीव दुसरीकडे होती. त्या प्रकारच्या मासिकांत वाईट यंत्राला वाईट म्हणण्याऐवजी त्याला जागाच द्यायची नाही, अशी रीत पडली. छापून आलेले प्रत्येक वाक्य खरे, आणि तरीही महिनोन्‌महिने एकही नापास यंत्र नाही. जाहिरातीचा परिणाम बहुतेक वेळा असाच होतो. ती परीक्षकाकडून खोटे वदवून घेत नाही, फक्त काय लिहायचे नाही ते ठरवते.

या रीतीला कंटाळून एक माणूस बाहेर पडला, त्याचे नाव जे. गॉर्डन होल्ट. ‘हाय फिडेलिटी’ मासिकात तांत्रिक परीक्षणे करताना जाहिरातदारांचा दबाव त्याने जवळून पाहिला होता. १९६२ मध्ये त्याने ‘स्टिरिओफाइल’ सुरू केले, जाहिरातींशिवाय. अंक कधी वेळेवर निघत नसे, पण वर्गणीदार वाट बघत. होल्टचे म्हणणे असे की, यंत्र शेवटी ऐकण्यासाठी असते, तर परीक्षणही ऐकून झाले पाहिजे. १९७३ मध्ये हॅरी पिअर्सनने ‘द अ‍ॅबसोल्यूट साउंड’ काढले आणि त्याने तर कसोटीच ठरवून दिली: प्रत्यक्ष जागेत, माइकशिवाय वाजणाऱ्या वाद्यांचा आवाज हाच एकमेव मापदंड. या दोघांनी ऐकण्याचे वर्णन करणारी एक भाषाच घडवली. आवाजाची खोली, वाद्यांच्या भोवतीची हवा, मंचाची रुंदी हे शब्द त्यांच्यामुळे रूढ झाले. या मंडळींना उथळ ठरवणे अन्यायाचे होईल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर कागदावर निर्दोष असूनही कानाला कर्कश लागतात, असे ऐकणारे सांगत होते आणि मोजणारे ते मानत नव्हते. फिनलंडच्या मत्ती ओटाला यांनी १९७० पासून दाखवून दिले की, स्थिर सुरावर डिस्टॉर्शन नगण्य असलेला अ‍ॅम्प्लिफायर अचानक उसळणाऱ्या संगीताच्या वेळी डगमगू शकतो. ती चाचणी कोणी घेतच नव्हते. म्हणजे ‘जे मोजता येत नाही ते नसतेच’ म्हणणारेही चुकतात. पण ओटालांनी काय केले ते नीट पाहायला हवे. कानाची तक्रार त्यांनी मोजता येईल अशा स्वरूपात मांडली, आणि त्यामुळे ती इतरांना तपासता आली.

ऐकणाऱ्यांच्या संप्रदायाने ही पुढची पायरी चढायला नकार दिला. अ‍ॅम्प्लिफायर-अ‍ॅम्प्लिफायरमधले फरक, मग तारांमधले फरक, मग यंत्राखाली ठेवायच्या ठोकळ्यांमधले फरक पानोपानी वर्णन होऊ लागले. आणि समोर काय वाजते आहे हे झाकले की ते फरक विरघळू लागले. १९७८ मध्ये इंग्लंडच्या क्वाड कंपनीने आपले तीन पिढ्यांमधले अ‍ॅम्प्लिफायर, एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे, जाणकारांना नाव न सांगता ऐकवले. तयार कानाच्या लोकांनाही ते खात्रीने वेगळे ओळखता आले नाहीत. जानेवारी १९८७ मध्ये स्टिरिओ रिव्ह्यूने २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत अशीच तुलना केली. ऐकणाऱ्यांत फरकावर ठाम विश्वास असणारे होते आणि शंका घेणारेही. आवाजाची पातळी जुळवून, नाव झाकून ऐकवल्यावर दोन्ही गटांची उत्तरे नाणे उडवून मिळतील तशीच आली.

त्याहून बोलका प्रसंग १९८५ चा. बॉब कार्व्हर नावाच्या अमेरिकी उत्पादकाने स्टिरिओफाइललाच आव्हान दिले: तुम्हाला हवा तो महागडा अ‍ॅम्प्लिफायर निवडा, मी माझा स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर अठ्ठेचाळीस तासांत असा बदलून देतो की तुम्हाला फरक कळणार नाही. परीक्षकांनी एक महागडा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यापुढे ठेवला. कार्व्हरची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरना एकच संगीत द्यायचे आणि दोघांच्या आउटपुटची एकमेकांतून वजाबाकी करायची. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर बाकी शून्य, म्हणजे शांतता. जे काही ऐकू येईल तोच त्यांच्यातला फरक. ही उरलेली कुजबुज कमी करत करत त्याने मूळ आवाजाच्या सत्तर डेसिबल खाली नेली. मग होल्ट आणि त्याच्या सहकाऱ्याने, आपल्या ओळखीच्या खोलीत, आपल्या निवडीच्या रेकॉर्ड लावून ऐकले, आणि फरक सांगता येत नाही हे मान्य केले. पुढे कारखान्यातून बाहेर पडलेले मॉडेल त्या नमुन्याइतके जुळते का, यावर बराच वाद झाला. तरी मूळ मुद्दा शिल्लक राहतो. ज्या गुणांसाठी त्या महागड्या यंत्राची स्तुती होत होती, ते गुण काही अनाकलनीय नव्हते. ते मोजता येत होते आणि दुसऱ्या यंत्रात उतरवताही येत होते. या कबुलीचा तपशील त्याच मासिकाने छापला, हे त्याच्या श्रेयाचे.

इथे शौकीन एक गंभीर आक्षेप घेतात. नाव झाकून घाईघाईने दोन तुकडे ऐकणे म्हणजे ऐकणे नव्हे, त्यात ताण असतो. यंत्राचा स्वभाव महिना-दोन महिने घरी राहिल्यावरच उमगतो. आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो तपासलाही गेला आहे. डेव्हिड क्लार्क आणि त्याच्या मिशिगनमधल्या सहकाऱ्यांनी सारख्याच दिसणाऱ्या बंद पेट्या तयार केल्या. काही पेट्या आवाजात मुद्दाम अडीच टक्के डिस्टॉर्शन घालत, काही काहीच करत नसत. लाँग आयलंडवरच्या एका शौकीन मंडळाच्या सभासदांनी त्या घरी नेल्या, आपल्या संचात जोडल्या, सवडीने ऐकल्या, आणि कोणती पेटी बिघाड करते हे त्यांना ओळखता आले नाही. तोच बिघाड क्लार्कच्या मंडळींनी झटपट बदलणाऱ्या स्विचच्या मदतीने एका बैठकीत पकडला. कारण ध्वनीची बारीक आठवण फार वेळ टिकत नाही. दुसरा आक्षेप तर्कशास्त्राचा आहे आणि तो मान्य केला पाहिजे: एखाद्या चाचणीत फरक सापडला नाही म्हणजे फरक नाहीच हे सिद्ध होत नाही. बरोबर. पण मग ‘दिवाणखान्याच्या दारापासूनच फरक जाणवतो’ असे लिहिणाऱ्याने निदान एकदा तरी डोळे झाकून तो दाखवायला हवा. फरक जितका मोठा सांगायचा, तितकी ही जबाबदारी वाढते.

या सगळ्यावरून ‘यंत्रे सगळी सारखीच’ असा निष्कर्ष काढणे मात्र साफ चूक ठरेल. स्पीकरांमधले फरक प्रचंड असतात आणि ते झाकून ऐकले तरी कळतात. हे ज्यांनी शास्त्रशुद्धपणे दाखवले ते फ्लॉइड टूल. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हार्मन कंपनीत त्यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून शेकडो लोकांना ऐकवले. ज्याचा आवाज सर्व दिशांना समतोल पसरतो तोच स्पीकर बहुतेकांना आवडतो, असे त्यांना आढळले. आवडनिवड वाटते तितकी ज्याची त्याची नसते. १९९४ मध्ये शॉन ऑलिव्ह यांच्यासह त्यांनी हार्मनच्याच चाळीस कर्मचाऱ्यांना चार स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, देखण्या पेट्यांना भरघोस गुण मिळाले. त्याच खोलीत पडदा पडताच प्लास्टिकच्या पेटीतला छोटा संच त्यांच्या जवळ जाऊन बसला. आणखी एक बारीक गोष्ट दिसली. स्पीकर खोलीत दुसरीकडे हलवला की त्याचा आवाज खरोखर बदलतो. पडद्याआड ऐकणाऱ्यांना हा बदल जाणवला. डोळ्यांनी बघत ऐकणाऱ्यांचे गुण जवळजवळ जिथल्या तिथे राहिले. म्हणजे डोळे केवळ पूर्वग्रह देत नाहीत, खरोखर ऐकू येण्यासारखे असते तेही ऐकू देत नाहीत. परीक्षकाने उघड्या डोळ्यांनी ऐकावे असा आग्रह धरणाऱ्यांकडून मला या एका निरीक्षणावर उत्तर हवे आहे.

ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये २६८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रशिक्षित श्रोते, विक्रेते, मासिकांचे परीक्षक, मार्केटिंगमधले लोक, विद्यार्थी असे त्यांचे गट होते. फरक ओळखण्यात आणि तेच मत पुन्हा देण्यात प्रशिक्षित श्रोते कितीतरी पुढे होते. परीक्षक त्यांच्या आणि विक्रेत्यांच्याही मागे राहिले. परीक्षकांची संख्या अगदी थोडी होती, म्हणून या तुलनेवर फार भार टाकू नये. पण परीक्षकांना त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्या प्रशिक्षणाने हे कौशल्य येते ते कोणालाही घेता येते, एवढाच त्याचा अर्थ. आणि सगळ्या गटांनी स्पीकरांना लावलेला क्रम साधारण एकच निघाला, ही तर वाचकासाठी चांगली बातमी आहे. स्पीकर, रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज, हेडफोन यांच्याबद्दल अनेक परीक्षकांचे मत जुळत असेल, तर ते बहुधा आपल्यालाही पटेल. तारांबद्दल शंभर परीक्षकांचे मत जुळले तरी तसा भरवसा देता येत नाही, कारण त्या शंभरांनीही काय जोडले आहे हे बघूनच ऐकलेले असते.

कान चांगले-वाईट सांगू शकतो, पण त्यामागचे कारण सांगू शकत नाही. याचा धडा २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीच्या प्रकरणाने दिला. तिच्या महागड्या एलपी मूळ टेपवरून थेट, डिजिटलचा स्पर्श न होता कापल्या जातात असा सर्वत्र समज होता, आणि कंपनीने तो वाढू दिला. नामांकित परीक्षकांनी त्या एलपींत अ‍ॅनालॉगची ऊब ऐकली. त्या जुलैत अ‍ॅरिझोनातल्या एका रेकॉर्ड विक्रेत्याशी बोलताना कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगून टाकले की, २०११ पासून मधल्या टप्प्यात डिजिटल फाइल वापरली जात होती. पुढच्या वर्षी ग्राहकांशी २.५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. त्या एलपी चांगल्या वाजत होत्या, हे परीक्षकांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या का चांगल्या वाजतात हे त्यांना ठाऊक आहे, हे म्हणणे खोटे ठरले. २०१४ मध्ये आलेल्या एमक्यूए या डिजिटल तंत्राचेही आघाडीच्या मासिकांनी युगांतर म्हणून स्वागत केले. मात्र त्याचा एन्कोडर स्वतंत्र तपासणीसाठी कोणाला मिळत नव्हता, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण आणि प्रक्रिया झालेले ध्वनिमुद्रण शेजारी ठेवायची सोयच नव्हती. अशा वेळी परीक्षकाने मत राखून ठेवायला हवे होते. कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या वाटेला लागली.

मुंबई-पुण्यातल्या शौकिनाला या सगळ्याचा ताप अंमळ जास्तच. यंत्र आयात केलेले, शुल्कामुळे किंमत चढलेली, आणि घरी नेऊन ऐकायला देणारे दुकान विरळा. त्यामुळे परदेशी मासिकातला मजकूर हाच त्याचा आधार होतो. त्याने परीक्षण उलट्या क्रमाने वाचावे असे मला वाटते: आधी शेवटची मोजमापाची चौकट, मग वर्णन. जॉन अ‍ॅटकिन्सन हा इंग्रज संपादक १९८६ मध्ये स्टिरिओफाइलमध्ये आल्यानंतर काही वर्षांत तिथे परीक्षणासोबत त्याने स्वतः केलेली मोजमापे छापली जाऊ लागली. कधी वर स्तुती असे आणि खाली आलेखात दोष उघडा पडलेला. मासिकाने यांतले काही लपवले नाही. उत्पादकाचे उत्तरही त्याच अंकात येई. टीकाकार याला विसंगती म्हणाले. मला ती या व्यवसायातली सर्वांत उपयोगी प्रथा वाटते, कारण परीक्षकाला उलटा साक्षीदार तिथेच, त्याच पानावर भेटतो. मोजमाप नाही, पातळी जुळवलेली नाही, काय वाजते आहे ते झाकलेले नाही, आणि विषय मात्र लाखभर रुपयांची तार, असे परीक्षण भाषेसाठी खुशाल वाचावे, खरेदीसाठी नाही.

होल्ट २००९ मध्ये वारला. त्याच्या दोन वर्षे आधी, स्टिरिओफाइलला पंचेचाळीस वर्षे झाली तेव्हा अ‍ॅटकिन्सनने त्याची मुलाखत घेतली. ऐकून परीक्षण करण्याची परंपरा ज्याने सुरू केली त्या माणसाने तिथे सांगितले की, नाव झाकून तपासण्याचे साधे पथ्य पाळायला नकार दिल्यामुळे या क्षेत्राची विश्वासार्हता केव्हाच गेली आहे, आणि बाहेरचे लोक हसतात ते याच कारणाने. अ‍ॅटकिन्सनला अशा चाचण्यांबद्दल वेगळे वाटत होते आणि तो ते जाहीरपणे मांडत आला होता. मुलाखत त्याने तशीच छापली.